दोन मंडया, एक नाव आणि हिशेबाची वही

१/
मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्याचे रे मार्केट. दोन्ही इमारती एकोणिसाव्या शतकातील, दोन्ही नगरपालिकेच्या कारभारातून उभ्या राहिलेल्या, दोन्ही ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या. आज मात्र दोन्ही मंडया अधिकृतपणे एकाच माणसाच्या नावाने ओळखल्या जातात: महात्मा जोतीराव फुले. या तीन नावांच्या मागे सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचा मोठा इतिहास दडलेला आहे. एकाने शहरासाठी हात सैल सोडून खर्च केला, दुसऱ्याने पुढे त्याचीच चौकशी लावली, आणि तिसऱ्याने खर्च मंजूर होण्यापूर्वीच सभेत हरकत घेतली.

२/
लोकांचा पैसा खर्च करणारा आणि त्या खर्चाची तपासणी करणारा एकच असावा काय? हा प्रश्न इंग्रजांनी आणलेला नाही. मराठी राज्यकारभारात त्याचे एक ठाशीव उत्तर पूर्वीपासून होते. पेशवाईत परगण्याचा किंवा सुभ्याचा कारभार मामलेदार किंवा कमाविसदार पाहत असे. वसुली त्याच्या हाती, खर्चही त्याच्या हाती. पण हिशेब एकट्या त्याच्या हाती नसे. त्याच्याबरोबर सरकारने नेमलेले दरकदार असत: मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी.

३/
फडणीस रोजकीर्द ठेवी. पोतनीस रोकड सांभाळी. मुजुमदार कागद पाहून त्यावर आपली निशाणी करी. यांतील महत्त्वाची गोष्ट अशी की हे दरकदार मामलेदाराचे नोकर नव्हते. त्यांची नेमणूक हुजुरातून होई, आणि मामलेदाराला त्यांना काढून टाकण्याचा अधिकार नसे. वरिष्ठाने गैर खर्च केला तर कनिष्ठाला तो हुजुरात कळवता येई आणि तरीही आपली जागा राखता येई. आधुनिक लेखापरीक्षणाचे पहिले तत्त्व हेच आहे: तपासणाऱ्याची भाकरी खर्च करणाऱ्याच्या हाती नसावी.

४/
तालुक्याचे हिशेब शेवटी पुण्याच्या हुजूर दफ्तरात येत. तेथे ते वर्षारंभीच्या अंदाजाशी, म्हणजे बेहड्याशी, ताडून पाहिले जात. नाना फडणविसांच्या काळातील दफ्तराच्या शिस्तीची वाखाणणी नंतरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही केली. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात आज जे लक्षावधी मोडी कागद आहेत, त्यांतील फार मोठा भाग अशा जमाखर्चाचा आहे. लढाया आणि तह यांच्या कागदांपेक्षा धान्य, चारा, पगार आणि वसुली यांच्या नोंदी तेथे कितीतरी जास्त आढळतात.

५/
ही व्यवस्था निर्दोष नव्हती. दरबारखर्चाच्या नावाखाली लपवलेल्या रकमा, संगनमत, खोट्या नोंदी हे सगळे तेव्हाही होते. पण खरा घाव बसला तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. महालांचा वसूल इजाऱ्याने, म्हणजे जास्तीत जास्त बोली करणाऱ्यास, देण्याचा प्रघात वाढला. इजारदाराने ठरलेली रक्कम आधी भरली की तो रयतेकडून किती घेतो याची चौकशी करण्याचे सरकारला कारण उरले नाही. दरकदारांचे हक्क कागदावर राहिले, पण त्यांच्या तपासणीतला अर्थ गेला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात या ऱ्हासाचे वर्णन आहे.

६/
येथून मुंबईकडे वळावे. मुंबई बेट पेशव्यांच्या राज्याबाहेरचे, कंपनीचे व्यापारी बंदर. तेथे शहराचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांकडे होता. १८४५ मध्ये बोर्ड ऑफ कॉन्झर्व्हन्सी आले. १८५८ मध्ये त्याच्या जागी तीन कमिशनर नेमले गेले. तिघांत जबाबदारी वाटली गेल्याने कोणत्याही एका चुकीसाठी कोणाला धरावे हे कळेनासे झाले. रस्ते, गटारे, पाणी यांबाबत तक्रारी वाढतच राहिल्या.

७/
दरम्यान शहराचे रूपच पालटत होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांसारख्या उगवल्या. प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. इतकी माणसे, आणि त्यांना पुरेसे पाणी नाही, सांडपाण्याची सोय नाही, मृत्यूचे थैमान रोजचे.

८/
१८६५ मध्ये सरकारने कायदा बदलला. तीन कमिशनर गेले, एकच म्युनिसिपल कमिशनर आला. सर्व कार्यकारी अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती. जस्टिसांच्या मंडळाला महापालिकेचा कायदेशीर दर्जा मिळाला आणि कर बसवणे व अंदाजपत्रक मंजूर करणे हे काम त्यांच्याकडे राहिले. हिशेबावर लक्ष ठेवण्यासाठी ‘कंट्रोलर ऑफ म्युनिसिपल अकाउंट्स’ असे स्वतंत्र पदही निर्माण झाले. म्हणजे कागदावर पाहिले तर खर्च करणारा, मंजुरी देणारा आणि हिशेब तपासणारा असे तिघे वेगळे होते.

९/
पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. तरुण, झपाटलेला, कामाचा प्रचंड उरक असलेला सनदी अधिकारी. त्याने घाणीचे ढिगारे हलवले, दाट वस्त्यांतून रस्ते काढले, गटारांची कामे हाती घेतली, आरोग्य खात्याला बळ दिले आणि शहरभर विखुरलेल्या अस्वच्छ बाजारांच्या जागी एक भव्य बाजार बांधायला घेतला. विल्यम इमर्सनच्या आराखड्यानुसार ही इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट जॉन लॉकवूड किपलिंग यांचे आहेत. रुडयार्ड किपलिंगचे हे वडील.

१०/
पण त्याची वेळ वाईट होती. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि त्याच वर्षाच्या मध्यास मुंबईच्या सट्टेबाजीचा डोलारा जमीनदोस्त झाला. कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये बंद करावी लागली. कामाच्या शोधात आलेली माणसे परत गेली. १८७२ च्या जनगणनेत मुंबईत ६,४४,४०५ माणसे मोजली गेली. आठ वर्षांत सुमारे पावणेदोन लाखांची घट.

११/
याचा अर्थ सरळ होता. कर भरणारे कमी झाले, घरभाडी उतरली, पण नगरपालिकेची कामे तेजीच्या काळातील आकांक्षेने चालूच राहिली. क्रॉफर्डचा स्वभाव थांबणारा नव्हता. मंजूर रकमांच्या पलीकडे खर्च जाऊ लागला, कर्ज वाढले, देणी साचली, आणि घरमालकांवर करांचा बोजा चढला. शहर स्वच्छ होत होते हे त्याचे विरोधकही नाकारत नव्हते. त्यांचा आक्षेप वेगळा होता: हा पैसा कोणाच्या परवानगीने खर्च झाला?

१२/
१८७१ मध्ये करदात्यांचा रोष उघड झाला. सभा भरल्या, अर्ज लिहिले गेले, वृत्तपत्रांत पत्रांचा वर्षाव झाला. या चळवळीत नौरोजी फरदुनजी होते, सोराबजी शापुरजी बंगाली होते, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे चिकित्सक कायदेपंडितही शहराच्या या वादात होते. जस्टिसांपैकी जेम्स फोर्ब्स यांनी मंडळातच तोफ डागली. कमिशनरच्या हातातील एकहाती सत्ता काढून ती नगर परिषदेकडे द्यावी, ही मागणी जोर धरू लागली. वर्षअखेरीस क्रॉफर्डला पद सोडावे लागले.

१३/
येथपर्यंतची कथा नेहमीची वाटेल: उधळ्या अधिकारी, संतप्त करदाते, अखेर गच्छंती. परंतु २९ नोव्हेंबर १८७१ रोजी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे एका तरुण बॅरिस्टरने निबंध वाचला आणि या कथेला वेगळे वळण दिले. त्याचे वय २६ वर्षे. विलायतेहून परत येऊन त्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. नाव फिरोजशहा मेहता. सभागृह क्रॉफर्डविरोधी श्रोत्यांनी भरलेले होते.

१४/
मेहतांनी लोकप्रिय मताच्या विरुद्ध बाजू घेतली. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा: क्रॉफर्डने मर्यादा ओलांडली असेल, पण त्याने केलेली कामे शहराला आवश्यक होती. खरा अपराध देखरेखीचा आहे. अंदाजपत्रक जस्टिसांपुढे येत होते, हिशेब जस्टिसांना मागता येत होते, नियंत्रक पदावर होता. मग पैसा हाताबाहेर जाईपर्यंत हे मंडळ काय करीत होते? ज्यांना लोकांनी निवडलेच नाही, त्यांना लोकांच्या पैशाची चाड कोठून असणार?

१५/
श्रोत्यांनी गोंधळ केला. पण मेहतांचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. कमिशनरची सत्ता काढून ती एखाद्या समितीच्या हाती देणे त्यांना मान्य नव्हते, कारण तसे केल्याने १८५८ च्या व्यवस्थेतला दोष परत येईल आणि जबाबदार कोण हे पुन्हा कळेनासे होईल. त्यांच्या मते कारभार करणारा एकच आणि समर्थ असावा. त्याच्यावर नजर ठेवणारे मंडळ मात्र करदात्यांनी निवडून दिलेले असावे. ज्याच्या खिशातून पैसा जातो, त्याच्या प्रतिनिधीने तो कोठे गेला हे विचारावे.

१६/
१८७२ च्या कायद्याने या विचाराच्या बऱ्याच जवळची रचना स्वीकारली. ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, आणि १६ सरकारने नेमायचे. कमिशनर एकच राहिला. त्याच्या आणि महापालिकेच्या मध्ये १२ जणांची टाउन कौन्सिल आली: आठ जण महापालिकेने निवडलेले, चार सरकारने नेमलेले. पैशाच्या कारभारावर सतत देखरेख ठेवणे हे या कौन्सिलचे प्रमुख प्रयोजन होते. आजच्या स्थायी समितीचा हा पूर्वज.

१७/
मताधिकार अत्यंत संकुचित होता. ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्या थोड्या पुरुषांनाच मत देता येई. गिरणगावातील मजूर, भाड्याच्या खोलीतील कारकून, सफाईचे काम करणारे आणि सर्व स्त्रिया त्या बाहेर होत्या. तेही दाण्याच्या किमतीत, भाड्यात आणि जकातीत कर भरतच होते. ‘करदाता’ या शब्दाची व्याख्या कोणी करायची, हा वाद त्या कायद्याने सोडवला नाही. पुढची पाऊणशे वर्षे तो चालूच राहिला.

१८/
याच सुमारास पुण्यात वेगळ्या कोनातून तोच प्रश्न विचारला जात होता. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. शाळा काढणारे समाजसुधारक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. ते सरकारी बांधकामांचे कंत्राटदारही होते, हे अनेकदा विसरले जाते. चुना, दगड, मजुरी यांचे भाव त्यांना तोंडपाठ होते. बांधकाम खात्यातील खोट्या नोंदी आणि मजुरांची लूट यांवर त्यांनी लिहिलेही. अशा माणसासमोर खर्चाचा प्रस्ताव ठेवणे सोपे नसते.

१९/
१८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार असे ठरले. स्वागतासाठी शहर सजवायचे, त्यासाठी १००० रुपये खर्च करायचे, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. जोतीरावांचे म्हणणे होते की ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावी. मतदान झाले तेव्हा ३२ सभासदांमध्ये विरोधात एकच मत पडले, ते जोतीरावांचे. ज्या सरकारने त्यांना नेमले, त्याच सरकारच्या प्रमुखाच्या स्वागताला त्यांनी नकार दिला होता.

२०/
पुढे शहरात भव्य मंडई बांधण्याचा विचार आला, तेव्हाही जोतीरावांनी हरकत घेतली. शिक्षणाला पैसा नाही म्हणणारी नगरपालिका इमारतीवर एवढी रक्कम कशी लावते, हा त्यांचा रोख होता. मंडई बांधली गेलीच. वॉल्टर ड्युकॅट यांचा आराखडा आणि वासुदेव बापूजी कानिटकर यांचे बांधकाम, अशी ती देखणी अष्टकोनी मनोऱ्याची वास्तू १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते खुली झाली आणि रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली.

२१/
मुंबईच्या करदात्यांची आणि जोतीरावांची हरकत एकाच जातीची नव्हती. करदाते विचारत होते: मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला? जोतीराव विचारत होते: मंजूर झालेला खर्च तरी योग्य कामावर होतो काय, आणि त्याचा लाभ कोणाला? पहिला प्रश्न नियमाचा, दुसरा न्यायाचा. आजच्या परिभाषेत पहिल्याला नियमितता लेखापरीक्षण आणि दुसऱ्याला कामगिरी लेखापरीक्षण म्हणता येईल. हिशेब पै-पैचा जुळूनही पैसा वाया गेलेला असू शकतो, हे जोतीरावांनी त्या काळी ओळखले होते.

२२/
१८८८ हे वर्ष या कथेत दोनदा येते. पहिली घटना कायद्याची. मुंबई महापालिकेच्या नव्या विधेयकाचा मूळ मसुदा महापालिकेचे हक्क आखडणारा होता. विधिमंडळात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्यावर झुंज दिली. बदल होऊन विधेयक मंजूर झाले. महापालिकेत ७२ सभासद, त्यांपैकी ३६ प्रभागांतून निवडलेले. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन प्राधिकरणे कायद्यात नोंदली गेली. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा मुंबईत आजही लागू आहे.

२३/
या कायद्याचा गाभा हिशेबाचा आहे. अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर तिजोरीतून पैसा निघू नये. मुख्य लेखापरीक्षकाची नेमणूक आयुक्ताने नव्हे, तर महापालिकेने करावी. त्याने नियमितपणे हिशेब तपासावेत आणि आढळलेली अनियमितता स्थायी समितीस कळवावी. आज अमलात असलेल्या या तरतुदी वाचताना पेशवाईतील दरकदार आठवल्याशिवाय राहत नाही. मधल्या काळात राज्ये बदलली, लिपी मोडीची बाळबोध झाली, पण तपासणाऱ्याची नेमणूक खर्च करणाऱ्याने करू नये हे तत्त्व दोन वेगळ्या परंपरांनी आपापल्या अनुभवातून गाठले.

२४/
१८८८ ची दुसरी घटना पुण्याची. तोच आर्थर क्रॉफर्ड आता मध्य विभागाचा कमिशनर होता. बढत्या आणि बदल्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला, आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी आयोग बसवला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर्थर विल्सन त्याचे अध्यक्ष होते. पैसे गोळा करणारा दलाल म्हणून हणमंतराव जहागीरदार याला न्यायालयात शिक्षा झाली. क्रॉफर्डवरील लाचेचा आरोप मात्र आयोगाने सिद्ध मानला नाही. हाताखालच्या प्रदेशातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष सिद्ध धरला गेला, आणि त्याला सेवेतून दूर व्हावे लागले.

२५/
या प्रकरणाची सर्वांत कडू बाजू मामलेदारांच्या वाट्याला आली. सरकारने अभय दिल्यावर त्यांनी पैसे दिल्याची कबुली देत साक्ष दिली. मुख्य आरोपी लाचेतून सुटल्यावर प्रश्न उलटला: लाच दिल्याचे कबूल करणारे हे मामलेदार पदावर कसे राहतात? विलायतेतून दबाव आला. १८८९ मध्ये त्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला, तरीही काहींना नोकरीस मुकावे लागले. तरुण बाळ गंगाधर टिळकांनी पुण्यात त्यांची बाजू हिरिरीने मांडली. सरकारने दिलेला शब्द सरकारनेच पाळावा, हा त्यांचा मुद्दा होता.

२६/
१८७१ आणि १८८८ यांतला फरक लक्षणीय आहे. मुंबईत क्रॉफर्डवर स्वतःसाठी पैसा घेतल्याचा मुख्य आरोप नव्हता. तेथे वाद होता मर्यादा ओलांडण्याचा, आणि तो वह्यांवरून, अंदाजपत्रकावरून, देण्यांवरून सिद्ध करता येत होता. पुण्यात व्यवहार तोंडी होते, मध्यस्थामार्फत होते, म्हणून सारा भार साक्षीदारांच्या धैर्यावर पडला. जेथे वही असते तेथे प्रश्न विचारणारा सुरक्षित राहू शकतो. जेथे वही नसते तेथे सत्य सांगणाऱ्यालाच किंमत मोजावी लागते.

२७/
विसाव्या शतकात तपासणीचे जाळे पसरत गेले. मुंबई प्रांतात १९३० मध्ये स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा झाला. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या हिशेबांची सरकारी लेखापरीक्षकांकडून तपासणी हा त्याचा हेतू. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यांच्या लेखाआक्षेपांवर अधिकाऱ्यांची साक्ष घेणारी पंचायती राज समिती विधिमंडळात आली. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांच्या लेखापरीक्षणाचा विषय थेट राज्यघटनेत नेला.

२८/
तरीही एक अडचण प्रत्येक काळात परत येते. आक्षेप लिहिला जातो, उत्तर मागवले जाते, उत्तर येत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात तोच आक्षेप ‘प्रलंबित’ म्हणून पुन्हा उमटतो. १८७१ च्या जस्टिसांपुढेही कागद येतच होते. मेहतांनी बोट ठेवले ते नेमके येथे. हिशेब तपासला गेला आणि त्याचा अहवाल निघाला, तरी तो वाचून उत्तर मागणारा कोणी नसेल तर तपासणी हा केवळ एक विधी उरतो.

२९/
हे ओळखूनच २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावी एक जनसुनावणी झाली. मजदूर किसान शक्ती संघटनेने पुढाकार घेतला. कामांची बिले आणि हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आले. ज्यांची नावे मजूर म्हणून लिहिली होती ते समोरच बसलेले होते. आपण त्या कामावर गेलोच नव्हतो, असे सांगायला लेखापरीक्षकाची पदवी लागत नव्हती. या चळवळीचा धागा पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत पोहोचला. त्याआधी महाराष्ट्रानेही स्वतःचा माहितीचा कायदा केला होता.

३०/
महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातही याची सोय १९५८ पासूनच्या चौकटीत आहे. पंचायतीने वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो, आणि त्याबरोबर शेवटची लेखापरीक्षा टिपणी व तिला दिलेली उत्तरेही. म्हणजे कोणत्याही गावात ग्रामसभेला बसलेला मतदार तो कागद वाचून दाखवण्याची मागणी करू शकतो. १८७२ मध्ये मूठभर करदात्यांना मिळालेला हक्क आज प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला आहे. इतिहासाच्या अभ्यासकालाही तो कागद उपयोगी आहे: गावाने त्या वर्षी शाळेवर, पाण्यावर आणि कमानीवर किती खर्च केला, हे त्याहून स्पष्ट कोठेच दिसत नाही.

३१/
शेवटी पुन्हा मंडईकडे. पुण्याच्या मंडईला जोतीरावांचे नाव देण्यात आचार्य प्र. के. अत्रे यांचा पुढाकार होता. ते तेव्हा पुणे नगरपालिकेत होते. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही तेच नाव मिळाले. ज्या सभासदाने एका मंडईच्या खर्चाला विरोध केला, त्याच्याच नावाच्या छत्राखाली आज दोन्ही शहरांत भाजी विकली जाते. मंडईत उभा राहणारा शेतकरी, माळी, हमाल यांचा कैवार त्याने आयुष्यभर घेतला, म्हणून हे नाव तेथे शोभतेही.

३२/
क्रॉफर्डने बांधलेली इमारत उपयोगी ठरली, हे खरे. फुल्यांनी विरोध केलेली मंडईही पुण्याला उपयोगी ठरली, हेही खरे. वास्तू टिकल्या म्हणून त्यांच्या खर्चावर घेतलेले प्रश्न चुकीचे ठरत नाहीत. १८७१ च्या मुंबईने कमिशनर बदलला आणि त्याबरोबर देखरेखीची व्यवस्थाही बदलली. पहिली गोष्ट काही महिन्यांत विस्मरणात गेली. दुसरी मात्र कायद्याच्या रूपाने आजही अमलात आहे, आणि तिचा उपयोग किती होतो हे दरवर्षी येणारा लेखापरीक्षा अहवाल किती जण उघडतात यावर ठरते.

(समाप्त)